शोधनिबंधांच्या नोंदी झोटेरोत आणताना

गडचिरोलीतल्या बालमृत्यूंचा अभ्यास करायला कुणी बसलं, तर तीन गोष्टी वाचल्यावाचून पुढे जाता येत नाही. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि 'सर्च' या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा 'द लॅन्सेट'मधला १९९९चा निबंध. 'कोवळी पानगळ' हा २००१चा मराठी अहवाल. आणि 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त ('ईपीडब्ल्यू') २००२ साली आलेला महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा लेख. पहिला पबमेडवर मिळतो, तिसरा जेस्टोरवर, आणि मधल्याची नोंद हातानेच करावी लागते. हे तीन संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नीट आणता आले, की प्रबंधाचे उरलेले तीनशे संदर्भ याच तीन वाटांनी येतात.

झोटेरो सुचवण्याचं कारण साधं आहे. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि विद्यापीठ सोडल्यावरही तुमचा संग्रह तुमच्याकडेच राहतो. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली ते सुरू झालं. तुमच्या विभागात एंडनोट किंवा मेंडेली वापरत असतील तरी पुढचं बरंचसं लागू पडेल, कारण फाइलींचे प्रकार तेच असतात. फक्त बटणांची नावं बदलतात.

आधी तयारी. झोटेरोच्या संकेतस्थळावरून दोन गोष्टी उतरवून घ्या: संगणकावर चालणारा मूळ प्रोग्रॅम आणि ब्राउझरमध्ये बसणारा 'कनेक्टर'. अनेकजण पहिलाच घेतात आणि मग एकेक नोंद टाइप करत बसतात. खातं उघडून सिंक चालू करा. नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही. पीडीएफसाठी मात्र फुकटात ३०० एमबी जागा मिळते, त्यामुळे सगळ्या पीडीएफ तिथे मावतील असं धरून चालू नका. मग डावीकडच्या रकान्यात एक नवं कलेक्शन करा आणि त्याला 'आवक' असं नाव द्या. बाहेरून येणारी प्रत्येक नोंद आधी इथे येईल. तपासून झाली की तिला ज्या त्या प्रकरणाच्या कलेक्शनमध्ये ओढायचं आणि 'आवक'मधून काढायचं. मात्र इथे 'मूव्ह आयटम टू ट्रॅश' नव्हे, 'रिमूव्ह आयटम फ्रॉम कलेक्शन' वापरा, म्हणजे नोंद संग्रहातच राहते. धान्य कोठीत भरण्याआधी निवडतात, तसंच हे काम आहे; नोंदी आत गेल्यावर त्यातले खडे वेचणं फार जिकिरीचं होतं.

एकच निबंध हवा असेल तर कनेक्टर पुरतो. झोटेरो उघडं ठेवा, त्यात 'आवक' निवडलेलं असू द्या, कारण जे कलेक्शन निवडलेलं असतं त्यातच नोंद पडते. ब्राउझरमध्ये निबंधाचं पान उघडा. कनेक्टरचं चिन्ह पानानुसार बदलतं: एक निबंध असेल तर कागद, पुस्तक असेल तर पुस्तक, शोधाच्या निकालांची यादी असेल तर फोल्डर. फोल्डरवर क्लिक केलं की यादी समोर येते. हव्या त्या नोंदींवर खूण करायची. महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून किंवा लॉगिन करून पान उघडलं असेल, तर पीडीएफही बहुतेक वेळा सोबत येते. पबमेडवरून आणताना विषयशीर्षकांचे डझनभर टॅग प्रत्येक नोंदीला चिकटतात. ते नको असतील तर झोटेरोच्या सेटिंगमध्ये आपोआप टॅग लावण्याचा पर्याय आधीच बंद करा.

निबंधाचा डीओआय हा ओळखक्रमांक हाताशी असेल तर त्याहून सोपं आहे. झोटेरोत वर जादूच्या कांडीचं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक करून डीओआय, पबमेडचा क्रमांक किंवा पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की नोंद तयार होते. 'लॅन्सेट'च्या जुन्या निबंधांच्या डीओआयमध्ये मधेच कंस असतात आणि कॉपी करताना कंसापुढचा तुकडा सुटतो. नोंद येत नसेल तर आधी तेवढं पाहा.

आता घाऊक काम. पबमेडवर शोध घेऊन हव्या त्या निकालांपुढच्या चौकटींवर खूण करा. वर 'सेंड टू' आहे, त्यात 'सायटेशन मॅनेजर', मग 'क्रिएट फाइल'. एनबीआयबी या प्रकारची फाइल उतरते. एका वेळी १०,००० नोंदी नेता येतात, म्हणजे मर्यादेची अडचण सहसा येत नाही. स्कोपसवर निकाल निवडून 'एक्स्पोर्ट'मध्ये आरआयएस या प्रकारची फाइल घ्या आणि सारांश व कीवर्ड यांच्या चौकटींवर खूण करायला विसरू नका. आपोआप मिळतात ते थोडेच तपशील असतात. वेब ऑफ सायन्सवरही आरआयएसच घ्या, 'फुल रेकॉर्ड' निवडा. तिथे नोंदी हजाराच्या टप्प्याने न्याव्या लागतात, म्हणून १ ते १०००, मग १००१ ते २००० असं करत जा. जेस्टोरवर निवडलेल्या लेखांची आरआयएस फाइल एका क्लिकमध्ये मिळते, आणि 'ईपीडब्ल्यू'चे जुने अंक तिथेच असल्याने समाजशास्त्र, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांचं बरंचसं काम तिथे भागतं.

गूगल स्कॉलरची गोष्ट वेगळी. सेटिंगमध्ये 'बिब्लिओग्राफी मॅनेजर' चालू केलं तर प्रत्येक निकालाखाली एंडनोट किंवा बिबटेकचा दुवा दिसतो. पण त्या नोंदीत डीओआय नसतो, सारांश नसतो, आणि लेखक पुष्कळ असतील तर काही नावं गाळून 'आणि इतर' एवढंच येतं. भराभर क्लिक केलं तर तुम्ही माणूसच आहात ना, याची खात्री मागणारं पान समोर येतं. माझा आग्रह असा, की स्कॉलरचा उपयोग निबंध शोधण्यापुरता करावा. नोंद मात्र मूळ नियतकालिकाच्या पानावरून किंवा डीओआयवरून घ्यावी.

फाइल उतरली की ती आयात करण्याआधी तिचं नाव बदला. हे एक मिनिटाचं काम पुढचे तास वाचवतं. झोटेरोत 'फाइल', मग 'इम्पोर्ट', मग फाइल निवडली की एक चौकट दिसते: आयात केलेल्या नोंदी नव्या कलेक्शनमध्ये ठेवायच्या का? तिच्यावर खूण ठेवा. नव्या कलेक्शनला फाइलीचंच नाव मिळतं. म्हणून 'पबमेड-नवजात-गडचिरोली' असं नाव आधीच दिलं असेल, तर कुठल्या डेटाबेसमधून, कुठल्या शोधातून काय आलं ते नंतरही कळतं. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणाऱ्यांना हे अत्यावश्यकच आहे, कारण प्रिझ्मा २०२०च्या आराखड्यात प्रत्येक डेटाबेसमधून आलेल्या नोंदींचा आकडा द्यावा लागतो, तोही दुबार नोंदी काढण्याआधीचा. तो आकडा वहीत लगेच लिहून ठेवा.

एकदा तरी आरआयएस फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिच्यात गूढ काही नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरांची खूण असते: टीवाय म्हणजे नोंदीचा प्रकार, एयू म्हणजे लेखक आणि प्रत्येक लेखकाला स्वतंत्र ओळ, टीआय शीर्षक, पीवाय वर्ष, ईआर म्हणजे नोंद संपली. एयूच्या ओळीतला स्वल्पविराम आडनाव कुठे संपतं ते सांगतो. डेटाबेसने तो चुकीच्या जागी घातला असेल, तर झोटेरो तीच चूक मुकाट्याने उतरवून घेतं. देवनागरी नोंदी असलेली फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा, नाहीतर मराठी शीर्षकाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते.

इथवरचं काम यंत्राचं. यापुढचं तुमचं, आणि वेळ खरा इथेच द्यायचा.

'लॅन्सेट'मधला तो निबंध तीन ठिकाणांहून आणून शेजारी ठेवा. पबमेडच्या नोंदीत नियतकालिकाचं नाव 'लॅन्सेट', पुढे कंसात लंडन, इंग्लंड असं येतं. डीओआयवरून आणलं तर 'द लॅन्सेट'. स्कोपसकडे नुसतं 'लॅन्सेट'. पृष्ठं पबमेडमध्ये १९५५-६१ अशी, दुसरीकडे १९५५-१९६१. लेखकांची पूर्ण नावं पबमेड २००२ नंतरच्या नोंदींत देऊ लागलं, त्यामुळे १९९९च्या या नोंदीत बंग यांची फक्त आद्याक्षरं असतात. नंतरच्या निबंधांत 'अभय' येतं. वरवर या फरकांनी काही बिघडत नाही असं वाटतं. पण झोटेरोला 'बंग, ए. टी.' आणि 'बंग, अभय टी.' ही दोन माणसं वाटतात, आणि मग एपीए शैलीत मजकुरातल्या कंसांत आडनावाआधी आद्याक्षरं आपोआप उगवायला लागतात. आता इथे खरोखरच दोन बंग आहेत, अभय आणि राणी. एखाद्या निबंधाच्या पहिल्या लेखक राणी बंग असतील तर ती आद्याक्षरं हवीतच. म्हणून नाव एकदा ठरवा, पूर्ण लिहा, आणि संग्रहात सगळीकडे तसंच ठेवा. गडचिरोलीच्या गावांत बाळांच्या घरी जाऊन आरोग्यदूतांनी जी माहिती गोळा केली, तिच्यापर्यंत पुढच्या वाचकाने पोचावं म्हणून तर आपण संदर्भ देतो. नाव किंवा वर्ष चुकलं तर तो पोचत नाही.

संस्था लेखक असेल तर आणखी जपा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अहवाल मुंबईच्या 'इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस'च्या नावावर आहेत. नोंद बिघडून आली की 'सायन्सेस' हे आडनाव होतं आणि उरलेली संस्था पहिलं नाव. लेखकाच्या रकान्याशेजारी छोटं चिन्ह असतं. त्यावर क्लिक केलं की आडनाव आणि नाव यांची दोन घरं जाऊन एकच घर होतं. तिथे संस्थेचं पूर्ण नाव लिहा. इंग्रजी शीर्षकात प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू झाला असेल, तर शीर्षकावर उजवं क्लिक करून 'सेंटेन्स केस' करा. मोठी अक्षरं मागणाऱ्या शैलीत झोटेरो ती आपण होऊन करतं. उलट दिशेने मात्र करत नाही. आणि नोंदीच्या माथ्यावर लाल पट्टी दिसली तर थांबा: तो निबंध नियतकालिकाने मागे घेतलेला आहे. रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीवरून झोटेरो ही सूचना देतं.

दुबार नोंदींसाठी डावीकडे 'डुप्लिकेट आयटम्स' आहे. शीर्षक, डीओआय, आयएसबीएन, लेखक आणि वर्ष यांवरून झोटेरो त्या शोधतं. एक जोडी निवडा, सर्वांत भरलेली नोंद मुख्य ठेवा, बाकीच्यांतले चांगले तपशील तिच्यात घ्या आणि 'मर्ज' करा. एक नोंद 'जर्नल आर्टिकल' आणि दुसरी 'कॉन्फरन्स पेपर' असेल तर मर्ज होत नाही. आधी प्रकार सारखा करा. जास्तीची नोंद कधीही नुसती पुसू नका. वर्डच्या फाइलीत तिचा संदर्भ आधीच घातलेला असेल, तर मर्ज केल्याने तो दुवा शाबूत राहतो, पुसल्याने तुटतो.

राहिली 'कोवळी पानगळ'. मराठी साहित्याचं काम हातानेच करायचं आहे आणि त्याला दुय्यम समजायचं कारण नाही. अधिक चिन्हावरून 'रिपोर्ट' हा प्रकार निवडा. अहवालाचं मुखपृष्ठ आणि आतलं पान समोर ठेवून शीर्षक, लेखक किंवा संस्था, ठिकाण, वर्ष भरा, सगळं देवनागरीत. भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत 'एमआर' ही दोन इंग्रजी अक्षरं टाका, म्हणजे इंग्रजी शीर्षकांचे नियम झोटेरो या नोंदीला लावणार नाही. मराठी पुस्तकाचा आयएसबीएन कांडीत टाकून पाहायला हरकत नाही, पण परदेशी ग्रंथालयांच्या सूचींतून आलेली नोंद बहुधा रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा-टिंबांसह येते. तिथे वर्ष आणि प्रकाशक ठेवून शीर्षक आणि नावं पुन्हा देवनागरीत लिहा. शोधगंगेवरचा प्रबंध कनेक्टरने आणला तर प्रकार 'थिसिस' आहे ना, आणि मार्गदर्शकांचं नाव लेखकांत शिरलेलं नाही ना, एवढं पाहा.

मार्गदर्शकांना मराठी आणि इंग्रजी संदर्भसूची वेगवेगळ्या हव्या असतील तर वर्डमधलं झोटेरो ते करत नाही. तिथे सगळ्या संदर्भांची एकच सूची होते. त्यासाठी दोन कलेक्शन करा, प्रत्येकातल्या नोंदी निवडून उजव्या क्लिकने 'क्रिएट बिब्लिओग्राफी' करा आणि दोन्ही याद्या प्रबंधाच्या शेवटी चिकटवा. हे सगळ्यात शेवटी करा, कारण चिकटवलेली यादी पुढचे बदल आपोआप घेत नाही.

झोटेरोचा डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये हलवू नका. त्याने मूळ फाइल बिघडू शकते. आठवड्यातून एकदा झोटेरो पूर्ण बंद करा आणि तो फोल्डर जसाच्या तसा वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या.