कॉलेजविना कोट्यधीश?

प्रश्न : विल स्मिथचा ‘द परस्यूट ऑफ हॅपीनेस’ पाहिल्यापासून बारावीतला आमचा मुलगा म्हणतो, ‘‘तो कुठे कॉलेजात गेला होता? मेहनत केली की झालं.’’ ही गोष्ट खरी आहे ना? मग त्याला उत्तर काय द्यायचं?

उत्तर : माणूस खरा आहे आणि तो कॉलेजात गेला नव्हता, हेही खरं. त्यामुळे चिरंजिवांचा मुद्दा एकदम उडवून लावू नका. मात्र २००६ साली आलेल्या या चित्रपटात त्या माणसाच्या, क्रिस गार्डनरच्या, आयुष्यातलं बरंच काही गाळलंय, आणि घोटाळा तिथेच होतो.

पडद्यावर तो हाडांची घनता मोजणारी यंत्रं विकत दारोदार फिरतो, रुबिक क्यूब सोडवून साहेबावर छाप पाडतो आणि शेअर दलालीच्या पेढीत शिरतो. प्रत्यक्षात क्यूबचा तो प्रसंग घडलाच नव्हता. उलट जे घडलं ते पडद्यावर नाही. गार्डनर अमेरिकी नौदलात वैद्यकीय कामाचं प्रशिक्षण घेऊन आला होता. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत एका हृदयशल्यविशारदाच्या हाताखाली त्याने संशोधन केलं, प्रयोगशाळा सांभाळली. वैद्यकीय नियतकालिकांतल्या काही लेखांवर सहलेखक म्हणून त्याचं नावही आहे. पदवी नव्हती, शिक्षण भरपूर होतं. शिवाय दलाल व्हायला परवाना परीक्षा द्यावीच लागली. पुस्तकं चुकवायला तो या धंद्यात आला, असं चिरंजिवांना वाटत असेल तर चित्रपटातला परीक्षेचा भाग पुन्हा लावून दाखवा.

आता मेहनतीचं. चित्रपटात सहा महिने बिनपगारी उमेदवारी आणि वीसजणांतून एकाचीच निवड. प्रत्यक्षात डीन विटर या पेढीत त्याला महिन्याला सुमारे हजार डॉलर विद्यावेतन मिळत होतं. बिनपगारी राबलं की मोठं होता येतं, हा समज या बदलामुळे पसरतो. तुमच्या मुलाला उद्या कोणी ‘अनुभवासाठी फुकट काम कर’ म्हणालं तर हे उदाहरण त्याच्या कामी येईल, मालकाच्या नव्हे.

मग कमाई असूनही तो चित्रपटातल्यासारखाच लहान मुलासह बेघर का झाला? आळशी माणूस रस्त्यावर येतो, अशी आपली सोयीची समजूत असते. गार्डनर ज्या स्वस्त खोलीत राहत होता, तिथे मुलांना परवानगी नव्हती. मुलाची आई त्याला बापाकडे सोडून गेली आणि खोली सुटली. पोटापुरता पगार होता, पण घरभाड्याची अनामत, पाळणाघर आणि जेवण हे सगळं त्यात बसेना. चित्रपटात बाप-लेक स्टेशनच्या स्वच्छतागृहात रात्र काढतात, ते खरं आहे. पुढे ग्लाइड मेमोरियल चर्चने आसरा दिला. तो निवारा खरं तर बेघर बायकांसाठी होता; पाद्री सेसिल विल्यम्स यांनी बाप-लेकासाठी अपवाद केला. ‘एकट्याच्या हिमतीवर’ म्हणणाऱ्यांना हे सहसा आठवत नाही.

राहता राहिलं बापपण. पडद्यावरचा मुलगा पाच वर्षांचा, चुरूचुरू बोलणारा. खरा तर लंगोटातला होता. मोठा केल्यामुळे संवाद लिहिता आले, हे उघड आहे! चित्रपटातला बास्केटबॉलचा प्रसंग मात्र मला फार मोलाचा वाटतो. बाप आधी म्हणतो, तुला हा खेळ काही जमायचा नाही. पोराचा चेहरा पडतो, चेंडू पिशवीत जातो. मग बाप स्वतःचं म्हणणं मागे घेतो. तेव्हा मुलाला उत्तर देण्याआधी, कॉलेज सोडून त्याला नेमकं काय करायचंय, हे एकदा त्याला विचारलंत का?