लाचेच्या गुन्ह्यातला पहिला दिवस : नव्याने वकिली सुरू करणाऱ्या पुतण्यास पत्र



चोरी-मारामारीत आधी घटना घडते आणि मग तपास सुरू होतो. लाचेच्या सापळ्यात क्रम उलटा असतो. तक्रारदार तक्रार देतो, रेकॉर्डर खिशात ठेवून मागणीची पडताळणी होते, दुसऱ्या सरकारी कार्यालयातून दोन पंच बोलावले जातात, नोटांचे नंबर उतरवून त्यांना फेनॉल्फ्थॅलीनची पावडर लावली जाते आणि सापळापूर्व पंचनाम्यावर सह्या होतात. ज्याच्यासाठी हे चालले आहे तो त्या वेळी टेबलावर चहा पीत असतो. आरोपीला खटला कळतो तेव्हा तो निम्मा उभा झालेला असतो आणि वकिलाकडे फोन येतो तो त्यानंतर.

फोन आल्यावर पहिला प्रश्न असतो कारवाई कोणी केली हा. घरच्यांना बहुधा ‘पोलीस घेऊन गेले’ एवढेच माहीत असते. सीप्झसारखे विशेष आर्थिक क्षेत्र, कस्टम्स, आयकर, रेल्वे इथला कर्मचारी केंद्राचा, म्हणून तिथे सीबीआय. महापालिकेचे वॉर्ड ऑफिस, तहसील, पोलीस ठाणे असेल तर राज्याचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, म्हणजे लोकांच्या तोंडी एसीबी. जून 2024 मध्ये सीबीआयने मुंबईतल्या मालाड आणि लोअर परळच्या पासपोर्ट सेवा केंद्रांतले अधिकारी व दलाल यांच्यावर गुन्हे नोंदवले आणि त्याच वर्षी डिसेंबरात अंधेरीच्या सीप्झमधल्या अधिकाऱ्यांना अटक केली. वर्तमानपत्रांत अशा बातम्यांचे मथळे मोठे येतात. पण गुन्हा नोंदणे, अटक होणे आणि दोषी ठरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निदान वकिलाने तरी विसरू नये.

सीबीआयचे अधिकार 1946 च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यातून येतात आणि राज्यात तपासाला राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने सर्वसाधारण संमती ऑक्टोबर 2020 मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये परत दिली. मधल्या काळातल्या गुन्ह्यात हा मुद्दा पाहावा जरूर, पण तेवढ्याने खटला कोसळेल अशी आशा अशिलाला दाखवू नये.

सीबीआयचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, पण तिचे विशेष न्यायालय फोर्टच्या सत्र न्यायालयात. नातेवाईक अंधेरीच्या कोर्टाबाहेर ताटकळत बसतात आणि रिमांड फोर्टला होऊन जातो, असे घडू शकते. विशेष न्यायाधीश थेट दखल घेऊ शकतो, खटला खालून वर यावा लागत नाही. अटक झाली तर चोवीस तासांत न्यायालयापुढे नेणे, अटकेची कारणे कळवणे आणि पसंतीच्या वकिलाला भेटू देणे हे घटनेच्या 22 व्या अनुच्छेदाने बंधनकारक आहे. वकिलाने पहिल्या तासात कागदावर मागायचे ते हेच : अटकेची कारणे आणि प्रथम खबरीची प्रत.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, 1988 च्या कलम 7 खाली लोकसेवकाला तीन ते सात वर्षे शिक्षा आहे. कमाल सातच वर्षे असल्यामुळे आरोपी कोठडीत असताना साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा त्याचा हक्क ठरतो. अर्ज मात्र दोषारोपपत्र दाखल होण्याआधी हवा. ही तारीख अटकेच्या दिवशीच डायरीत मांडून ठेवावी.

आता गुलाबी रंग. सापळ्यानंतर आरोपीचे दोन्ही हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात वेगवेगळे धुतात. पावडर लागलेली असेल तर पाणी गुलाबी होते. ते बाटल्यांत भरून लाखेने सीलबंद करतात, शर्टाचा खिसाही जप्त होतो. बाटली पाहिली की घरच्यांचा धीर सुटतो आणि काही नवख्या वकिलांचाही. पण पाण्याचा रंग सांगतो तो नोटांना हात लागल्याचे. लाच सिद्ध व्हायला मागणी, किंवा समोरून देऊ केलेली रक्कम लाच म्हणून जाणून स्वीकारणे, हे सिद्ध व्हावे लागते. नुसती रक्कम सापडणे पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी मागणी परिस्थितिजन्य पुराव्याने सिद्ध होऊ शकते, हे 15 डिसेंबर 2022 च्या नीरज दत्ता खटल्यात घटनापीठाने स्पष्ट केले. तेव्हा ‘तक्रारदार फिरला की सुटलो’ हे कॅन्टीनमधले कायद्याचे ज्ञान तिथेच सोडावे.

याच ठिकाणी सल्ल्यातली खरी अडचण येते. आरोपीला ‘गप्प राहा’ सांगणे सोपे आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्कही त्याला आहेच. पण पैसे उसनवारीच्या परतफेडीचे होते किंवा सरकारी फीचे होते असा खरा खुलासा असेल, तर तो सापळ्यानंतरच्या पंचनाम्यातच यायला हवा. दोन वर्षांनी उलटतपासणीत पहिल्यांदा निघालेला खुलासा न्यायाधीशाला मागाहून सुचलेला वाटतो आणि लाभ स्वीकारल्याचे सिद्ध झाले की कलम 20 चे गृहीतक आरोपीच्या विरुद्ध जाते. म्हणून खरे असेल ते एका वाक्यात सांगावे, लिहून घ्यायला लावावे आणि पुढे गप्प राहावे. खोटा खुलासा त्या गडबडीत रचला तर तोच पुढे गळफास होतो.

कागदांत मंजुरीचा आदेश बारकाईने वाचण्यासारखा असतो. ज्याला आरोपीला नोकरीवरून काढण्याचा अधिकार आहे त्याचीच मंजुरी कलम 19 खाली लागते. रामदास नायक यांनी माजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांच्याविरुद्ध चालवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1984 मध्ये ठरवले होते, की ज्या पदाचा गैरवापर झाला ते सुटल्यावर मंजुरीची गरज नाही. 2018 च्या दुरुस्तीने हे बदलले आणि निवृत्तांनाही ते संरक्षण मिळाले. जुन्या निकालाची फोटोकॉपी जोडण्याआधी ही दुरुस्ती वाचावी.

नोकरीचे संकट वेगळेच असते. अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडी झाली की केंद्राच्या 1965 च्या आणि राज्याच्या 1979 च्या नियमांप्रमाणे कर्मचारी निलंबित मानला जातो. खात्याची चौकशी फौजदारी खटल्याबरोबर चालू शकते. तिथे दिलेले उत्तर खटल्यात आडवे येऊ नये, म्हणून ते वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नये.

वकील शोधताना माणसे दोन दारे ठोठावतात : वकिलाचे आणि ‘वरपर्यंत ओळख आहे’ म्हणणाऱ्याचे. दुसऱ्याचे दार आधी उघडते. लाचेच्या गुन्ह्यातून सुटायला लाच देणे म्हणजे दुसरा गुन्हा ओढवून घेणे. जानेवारी 2021 मध्ये सीबीआयने लाचेच्या आरोपावरून आपल्याच अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला, तेव्हा ही वाट सुरक्षित असल्याचा भ्रम कोणी बाळगू नये. तक्रारदाराला भेटून ‘मिटवू’ म्हणणेही असेच. जामीन रद्द व्हायला ते पुरेसे असते. फी परवडत नसेल तर मुंबई उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचे उत्पन्न किती हे विचारले जात नाही.

क्वचित अशील लाच घेणारा नसून देणारा असतो : बिल्डर, पुरवठादार, दुकानदार. 2018 पासून देणाऱ्यालाही कलम 8 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवल्यास तो वाचतो. ते सात दिवस पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणून अशा अशिलाची हकिकत ऐकण्याआधी त्याला तारीख विचारावी.

काका