‘आकाश’ पाटीवर लुआ भाषेची उभारणी

गेल्या पावसाळ्यांत एका माजी विद्यार्थ्यानें आमच्या विज्ञान मंडळास एक जुनी ‘आकाश’ पाटी आणून दिली. तिच्या पडद्यावर दोन चरे होते, परंतु ती सुरू होत असे. मंडळांतील कित्येकांनीं ती हातांत घेतली व लागलीच खालीं ठेविली. कारण आजचे खेळ तिच्यावर चालत नाहींत. इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें मात्र विचारलें, “सर, हिच्यावर प्रोग्राम लिहितां येईल काय?” त्याच्या घरीं संगणक नाहीं. वडील रिक्षा चालवितात व घरांतील एकुलता फोन सकाळीं त्यांच्याबरोबर जातो. त्या एका प्रश्नापायीं आमचे सहा शनिवार खर्चीं पडले. त्यांचा वृत्तान्त वाचकांस सादर करीत आहों.

प्रथम ही पाटी कोणती तें सांगूं. स्वस्त पाटी विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावी असा केंद्र सरकारचा संकल्प होता. पहिली ‘आकाश’ ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लीस प्रसिद्ध झाली. सुधारलेली ‘आकाश २’ ही ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें बाहेर आली. विद्यार्थ्यांस ती १,१३० रुपयांस मिळावी अशी योजना होती. सात इंची पडदा, ५१२ मेगाबाइट मेमरी, एआरएम जातीचा प्रोसेसर आणि अँड्रॉइड ४ ही ऑपरेटिंग सिस्टिम, एवढा तिचा संसार. या दुसऱ्या पाटीचें काम आमच्या उपनगराच्या शेजारींच, पवईच्या आय. आय. टी.कडे होतें. पाटीवर धडे वाचतां येतात, चित्रें पाहतां येतात. पण जिच्यावर लिहितां येत नाहीं ती पाटी कसली? पवईच्या मंडळींनीं सी, सी प्लस प्लस, पायथन व सायलॅब या भाषांत पाटीवरच प्रोग्राम लिहिण्याची सोय केली. त्यासाठीं त्यांनीं अँड्रॉइडच्या घरांतील एका खोलींत लिनक्सचें सगळें बिऱ्हाडच आणून बसविलें. पुढें ती योजना बंद पडली. आमच्या हातीं आलेल्या पाटींतून ही सोय कोणी तरी पुसून टाकिली होती, आणि एवढें बिऱ्हाड पुन्हा मांडण्यास तिच्यांत जागाहि उरली नव्हती. तेव्हां आम्हीं लहान पाहुणा शोधला.

येथें दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. पायथन, लुआ इत्यादि भाषांस स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. आपण लिहिलेल्या ओळी वाचून त्यांप्रमाणें काम करणारा एक प्रोग्राम यंत्रांत असावा लागतो. त्यास आपण दुभाष्या म्हणूं. हा दुभाष्या स्वतः बहुधा सी भाषेंत लिहिलेला असतो. तें लिखाण कंपायलरकडून प्रोसेसरच्या अंकांत उतरवून घेणें ही बांधणी, आणि तयार दुभाष्या योग्य जागीं ठेवून चालता करणें ही स्थापना. नित्याच्या संगणकावर हीं दोन्हीं कामें दुसऱ्या कोणी आधींच केलेलीं असतात, म्हणून तीं आपणांस दिसत नाहींत. अँड्रॉइड कोट्यवधि लोकांच्या खिशांत आहे. तिला विरळा म्हटल्यास वाचक हसतील. परंतु भाषा बांधण्याच्या कामीं ती परकीच. तिचा गाभा लिनक्सचा असला, तरी सी भाषेचें ग्रंथालय निराळें व त्या काळीं बरेंच अपुरें होतें.

लुआचा जन्म १९९३ सालीं ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील कॅथॉलिक विद्यापीठांत झाला. पोर्तुगीज भाषेंत लुआ म्हणजे चंद्र. त्या देशांत १९९२ पर्यंत परदेशी संगणक व प्रोग्राम यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळें लागेल तें साधन घरींच घडविण्याची तेथील लोकांस संवय जडली होती. तिच्या ५.२ या आवृत्तीचें मूळ लिखाण सुमारें २०,००० ओळींचें आहे. मराठी विकिपीडियांतील अनेक साच्यांच्या मागें हीच भाषा राबत असते, हें फारच थोड्यांस ठाऊक असेल.

पहिल्या शनिवारीं आम्हीं शाळेच्या संगणकावर लुआ बांधली, तार जोडून पाटींत नेली व चालविण्याची आज्ञा दिली. उत्तर आलें: चालविण्याजोगें नाहीं, खूण ७एफ४५. मुलें हिरमुसलीं. पण हें उत्तर फार बोलकें आहे. लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक फायलीच्या आरंभीं ७एफ हा अंक व ई, एल, एफ हीं तीन रोमन अक्षरें असतात. ४५ हा ई या अक्षराचा अंक. म्हणजे दारावरची पाटी पाटीस ओळखीची वाटली, आंतील बोली मात्र इंटेलची निघाली. संगणकावर बसून एआरएमची बोली लिहिणारा वेगळा कंपायलर लागतो. तो गूगलच्या अँड्रॉइड साधनसंचांत मिळतो. परंतु आम्हांस हवा असलेला जीसीसी हा कंपायलर त्यांतून २०१८ सालीं काढून टाकण्यांत आला, म्हणून त्याच्या आधींची जुनी प्रत उतरवून घेतली.

दुसरी चूक सर्वस्वीं आमचीच. बांधणीच्या वेळीं ‘लिनक्स’ असा प्रकार निवडल्यास लुआ एक रीडलाइन नांवाचें सामान मागते. पूर्वी टाइप केलेली ओळ बाण दाबून परत आणण्याची सोय त्यानें होते. अँड्रॉइडमध्यें तें नाहीं. ‘सर्वसाधारण’ हा प्रकार निवडतांच ती तक्रार मिटली.

तिसऱ्या तक्रारीनें मात्र दोन शनिवार खाल्ले. कंपायलर म्हणाला कीं, दशांशचिन्ह या नांवाचा घटक येथें नाहीं. लुआ यंत्रास विचारते, “या देशांत अपूर्णांक लिहितांना टिंब देतात कीं स्वल्पविराम?” प्रश्न पोरकट नव्हे. आपण साडेचार ४.५ असे लिहितों. ब्राझीलमध्यें व युरोपांतील बहुतेक देशांत ते ४,५ असे लिहितात. सी भाषेच्या ग्रंथालयानें या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें असतें. अँड्रॉइड ४ च्या ग्रंथालयांत त्या उत्तरासाठीं कप्पा ठेविलेला होता, पण तो रिकामा! कोणी म्हणालें, ती ओळच खोडून टाका. आम्हीं तसें करूं दिलें नाहीं. दुसऱ्याच्या ग्रंथांत रेघोट्या मारण्यापूर्वी तो नीट वाचावा. वाचतां वाचतां त्याच विद्यार्थ्यास आढळलें कीं, लुआच्या कर्त्यांनीं तेथेंच एक फट ठेविली आहे: हें उत्तर कोणी बाहेरून अगोदरच दिलेलें असल्यास लुआ ग्रंथालयास विचारीत नाहीं. कंपायलरच्या आज्ञेंत “दशांशचिन्ह म्हणजे टिंब” अशा अर्थाची एक व्याख्या जोडली, आणि मूळ लिखाणांतील एकहि अक्षर न बदलतां बांधणी पुरी झाली.

स्थापनेंतहि एक खोडा आला. दुभाष्या पाटीच्या कार्डावर ठेविला तर तो चालत नाहीं. त्या जागेंतील फायलींस चालण्याची परवानगीच मिळत नाहीं. तो ‘डेटा, लोकल, टीएमपी’ या पोटांतल्या जागीं ठेवावा लागला. तेथें परवानगी देतांना संगणकावरचें अधिक-एक्स हें सोपें चिन्ह त्या जुन्या अँड्रॉइडला समजेना. ७५५ असा आंकडाच द्यावा लागला. मालकास वाचणें, लिहिणें, चालविणें मिळून सात. इतरांस वाचणें व चालविणें मिळून पांच. आमच्या मुलांस अष्टमान पद्धतीचा उपयोग त्या दिवशीं प्रथमच प्रत्यक्ष दिसला. (ज्यांस नव्या फोनवर हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, २०१४ मधील अँड्रॉइड ५ पासून, मेमरींत कोठेंहि बसूं शकेल अशीच बांधणी चालते; आमची तेथें चालणार नाहीं.)

पांचव्या शनिवारीं लुआ बोलली. मुलांनीं तिला ‘अंधेरी’ या शब्दाची लांबी विचारली. तिनें १८ सांगितली! कोणास तीन हवीं होतीं, कोणास सहा. अ, अनुस्वार, ध, मात्रा, र, वेलांटी हीं सहा चिन्हें, आणि प्रत्येकास तीन बाइट. लुआ बाइट मोजते. या १८ वर वर्गांत जो वाद झाला तो शिकविलेल्या कोणत्याहि धड्यावर झाला नव्हता.

सहाव्या शनिवारीं त्या विद्यार्थ्यानें स्वतःचा प्रोग्राम लिहून आणला. वडिलांची दिवसाची कमाई, गॅस किती किलो भरला व त्यास किती रुपये पडले, हें एका फायलींत लिहावयाचें. प्रोग्राम आठवड्याची बेरीज करून दर किलोमागें किती कमाई झाली तें सांगतो. गॅसचे आंकडे ४.७, ३.९ असे असतात. टिंबाचा घोळ मिटला नसता तर हा हिशेब झालाच नसता. पहिल्या खेपेस त्यानें कमाईंतून गॅसचा खर्च वजा करण्याचेंच विसरून वडिलांस श्रीमंत करून टाकिलें होतें; ती चूक त्याच्या आईनें दाखविली.

पाटी दिवाळीच्या सुटींत त्याच्या घरीं गेली ती अद्याप तेथेंच आहे. तिच्या चार्जरची तार सैल झाली आहे; ती बदलून द्यावयाची आमच्याकडे राहिली आहे.