पुरुषांचे लैंगिक आरोग्य : संकोच, बाजार आणि शासनाची भूमिका

१९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या व विकास परिषदेने प्रजनन आरोग्यात पुरुषांच्या जबाबदारीवर भर दिला. १९९७ मध्ये भारतात प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तथापि त्याचा मुख्य भर माता व बालक यांच्यावरच राहिला. परिणामी, पुरुषाला लिंगशैथिल्य, शीघ्रपतन किंवा लैंगिक संक्रमण असल्यास तो संकोचाने गप्प बसतो आणि सल्ल्यासाठी चौकशी करण्याचे काम अनेकदा पत्नीवर येऊन पडते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे माहितीच्या असमानतेचे ठळक उदाहरण होय. वैद्यकीय सेवेत रुग्णापेक्षा उपचारकाला अधिक माहिती असते, हे केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. सदोष मालामुळे चांगला माल बाजारातून कसा हटतो, याचे विवेचन जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये केले. जेथे ग्राहक उघडपणे विचारू शकत नाही आणि फसल्यास तक्रारही करीत नाही, तेथे भोंदू उपचारकांचे फावते. हा सर्व खर्च कुटुंबाच्या खिशातून होतो.

पैशापेक्षाही मोठी हानी विलंबाची आहे. लिंगशैथिल्य हे मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार यांचे पूर्वलक्षण असू शकते. सिल्डेनाफिलसारखे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेणे धोक्याचे असते. हृदयविकारावरील नायट्रेट औषधांसोबत ते घेतल्यास रक्तदाब एकाएकी घसरून जीवावर बेतू शकते. म्हणूनच पत्नीने आणलेला सल्ला ही केवळ सुरुवात ठरते; पुरुषाची प्रत्यक्ष तपासणी अपरिहार्य आहे. लैंगिक संक्रमणात तर दोघांवरही उपचार आवश्यक ठरतात, अन्यथा संसर्ग परत होतो. एकाच्या उपचाराचा लाभ दुसऱ्यालाही मिळतो. यालाच 'बाह्य लाभ' म्हणतात व शासकीय हस्तक्षेपाचे समर्थन त्यातून होते.

हा हस्तक्षेप दुहेरी आहे. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये लैंगिक क्षमता वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लैंगिक संक्रमणावर समुपदेशन व उपचार दिले जातात. २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी बाह्यरुग्ण सेवेमुळे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेणेही शक्य झाले आहे.

तथापि, केवळ बंदीने मागणी नाहीशी होत नाही. ती आडमार्गाने जाते. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या मधुमेह व रक्तदाब तपासणीच्या वेळीच पुरुषांना खासगीत हा प्रश्न विचारला गेला, तर संकोच कमी होईल आणि आजारही वेळेवर उघड होईल. विश्वासार्ह सेवा सहज उपलब्ध करून देणे, हाच भोंदूगिरीवरील खरा उपाय होय.

सरावासाठी प्रश्न : आरोग्यसेवेतील माहितीच्या असमानतेचे स्वरूप स्पष्ट करून, ती दूर करण्यात कायदा व सार्वजनिक सेवा यांच्या भूमिकांची तुलना करा.