नवस घरच्यांनी फेडावा, पथ्य बाबांनी पाळावं

चि. बाळास,


माझा दादा, म्हणजे तुझे बाबा, घरी आला, वहिनीने, म्हणजे तुझ्या आईने, दिलेली किडनी चांगली चालू झाली आणि क्रिएटिनिन उतरलं, हे तुझ्याकडून कळलं. देवाचे उपकार मानावे तेवढे थोडेच. पण ऑपरेशन झालं म्हणजे दुखणं संपलं असं नाही. आता घरात सल्ल्यांची गर्दी होईल. कोणी अंगारा आणेल, कोणी काढा, कोणी नवसाची आठवण करून देईल. सगळे मायेनेच बोलतील. त्यांतलं काय घ्यायचं आणि काय हात जोडून परत करायचं, हे घरातला मोठा मुलगा म्हणून तुला ठरवायचं आहे. म्हणून हे पत्र.

पहिल्यांदा वहिनीच्या नवसाचं. ‘यांना बरं वाटू दे, वज्रेश्वरीला आणून कुंडात स्नान घालीन, ओटी भरीन,’ असं ती बोलली आहे. देवी आपल्याच भिवंडी तालुक्यातली, तेव्हा तिच्या देवळाची कथा तुला ठाऊक असेलच. पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी तिला नवस केला होता, की वसई हाती आली तर तुझं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन. मे १७३९मध्ये वसई पडली आणि देऊळ उभं राहिलं. आजही ५२ पायऱ्या चढून गेलं की किल्ल्याच्या दरवाजासारखा नगारखाना लागतो. पण नवस बोलून आप्पा छावणीत बसून राहिले नव्हते. मराठ्यांनी मोर्चे बांधले, तटाखाली सुरुंग खणले, बुरूज उडवला आणि त्यात कितीतरी माणसं कामी आली. नवस फेडला तो किल्ला हाती आल्यावर.

दादाचा किल्ला अजून पुरता हाती आलेला नाही. नवी किडनी शरीराला परकी वाटते. शरीराने तिच्यावर हल्ला करू नये म्हणून औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते. पहिल्या काही महिन्यांत या औषधांचं प्रमाण जास्त असतं आणि संसर्गाची भीतीही तेव्हाच सगळ्यांत जास्त. अशा माणसाला वज्रेश्वरी, अकलोली किंवा गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात, शंभर माणसांनी आंघोळ केलेल्या पाण्यात उतरवणं बरोबर नाही. वहिनीला सांग, देवीला अडचण कळते. नवस घरच्यांपैकी कोणीही फेडू शकतं. तू जा, पायऱ्या चढ, ओटी पोचव. दादाने घरातूनच हात जोडावेत, आणि डॉक्टर हो म्हणतील तेव्हा दर्शनाला जावं.

घरच्या देव्हाऱ्याचंही तसंच. देवळातून आलेलं तीर्थ दादाने डोळ्यांना लावावं, पिऊ नये, कारण ते पाणी उकळलेलं नसतं. कच्च्या दुधाचं पंचामृत नको, उघड्यावरची खिरापत नको. साखरफुटाणा कपाळाला लावून बाजूला ठेवला तरी प्रसादाचा मान राहतो. एकादशी, सोमवार, संकष्टी दादाने करू नयेत. नव्या किडनीला डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी वेळच्या वेळी मिळायला हवं, आणि मधुमेह असेल तर उपवास आणखीच घातक. त्याच्या वाटणीचा उपवास तू कर. तुझ्या तब्येतीला तो झेपेल.

एक गोष्ट फार कमी घरांत सांगितली जाते. गौरी-गणपतीच्या फळांत पपनस असतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांच्यामुळे टॅक्रोलिमस या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि तीच गोळी किडनीला बाधू शकते. गणपतीपुढे पपनस खुशाल ठेवा, फक्त दादाच्या ताटात वाढू नका. काढ्यांचंही असंच. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून लोक आणून देतील. दादाची प्रतिकारशक्ती तर डॉक्टरांनी जाणूनबुजून कमी ठेवली आहे. शिवाय गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली होती. आणणाऱ्याचे आभार मान आणि पुडी कपाटात ठेव.

टॅक्रोलिमसची गोष्टही तुला कळायला हवी. जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९८४मध्ये हे औषध मिळालं. त्या मातीचे आणि ती चाळणाऱ्या माणसांचे उपकार रोज दोनदा, बारा तासांच्या अंतराने, दादाच्या पोटात जातात. सकाळी नऊची गोळी असेल तर रात्रीचीही नऊचीच. पाहुणे आले, वीज गेली, तुझी लूमवरची पाळी लांबली, तरी वेळ चुकायला नको. रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासायचं असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची. ती खिशात ठेवून लॅबमध्ये जा. आधी घेतली तर आकडा फसवा येतो आणि डोस चुकीचा ठरतो.

तुमचं घर कारखान्यावरच्या माळ्यावर आहे. खाली माग चालू झाले की कापसाची बारीक रुई जिन्यावरून वर येते, खिडकीच्या गजांवर आणि पाण्याच्या माठावर बसते. दादाची खोली ओल्या फडक्याने पुसत जा. कोरडा झाडू मारलास तर सगळी धूळ उडून त्याच्याच नाकातोंडात जाईल. चार दिवसांत बरं वाटलं की तो खाली उतरून तागे मोजायला बसेल, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नकोस. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घरी गोळी देऊन वाट बघत बसू नका. त्याच वेळी हॉस्पिटलला फोन करा.

खालच्या मजल्यावरचे चाचा दिवानशहा दर्ग्यात दादासाठी दुआ मागून आले, हे ऐकून फार बरं वाटलं. त्यांना घरी बोलाव आणि, दादाला संसर्ग नको म्हणून दाराशी का होईना, चहा दे. अवयवदानाला धर्म आडवा येतो असं कोणी म्हणालं तर त्याला सांग, इस्लामी फिकह अकादमीने १९८८मध्ये जेद्दाहच्या ठरावात अवयवदानाला काही अटींवर मान्यता दिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २०००मध्ये रोममध्ये अवयवरोपण करणाऱ्या डॉक्टरांसमोर त्याचा गौरव केला. आपल्याकडे दधिची ऋषींची कथा तर आजीनेच तुला सांगितली आहे.

आता मुख्य सांगायचं ते वहिनीविषयी. त्याआधी एक गोष्ट ऐक.

पहिलं यशस्वी किडनीरोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बॉस्टनला झालं. डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. एकसारखे जुळे असल्यामुळे शरीराने ती नाकारली नाही. रिचर्डने शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशीच लग्न केलं, त्याला मुलं झाली आणि तो आणखी आठ वर्षं जगला. मरे यांना १९९०मध्ये नोबेल मिळालं. किडनी देणारा रोनाल्ड गणित शिकवत राहिला आणि २०१०मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी वारला. एका किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य जगू शकतो, याची खात्री त्याच्याकडे बघून पटते. पण त्यासाठी देणाऱ्याकडेही लक्ष द्यावं लागतं.

आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं. १९९५ ते २०२१ या काळात भारतात झालेल्या अवयवरोपणांत दर पाचपैकी सुमारे चार अवयव पुरुषांना मिळाले. जिवंतपणी देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. आई, बायको, बहीण देते, आणि टाके सुकले की पुन्हा चुलीपाशी उभी राहते. कोणी विचारलं तर ‘मला काय झालंय?’ म्हणते. वहिनीही तेच म्हणणार.

तू तिचा फोटो स्टेटसला लावलास, ‘आईच देव’ लिहिलंस. भावना खरी आहे. पण सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा हंडे कोण उचलतं, ते बघ. डॉक्टर परवानगी देईपर्यंत तिने जड उचलायचं नाही. तिच्या अंगातली दुसरी किडनी आता जास्तीचं काम करते आहे. तिचा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन दरवर्षी तपासायला हवं, तेही आयुष्यभर. डोकं किंवा कंबर दुखली म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून द्यायचं नाही. वेदनाशामक डॉक्टरांना विचारूनच.

आणखी एक. दादाच्या मनावर ओझं आहे. ‘हिचं शरीर कापून मी जगतोय’ असं तो मला म्हणाला. त्याला समजावायच्या भानगडीत पडू नकोस. संध्याकाळी दोघांना शेजारी बसू दे, टीव्ही बंद कर आणि तू थोडा वेळ खाली जाऊन ये.

पुढच्या तारखेला हॉस्पिटलला जाताना आईचीही फाइल बरोबर घे आणि तिची पुढची तपासणी कधी, ते डॉक्टरांकडून लिहून आण. मी दिवाळीला येते आहे. दोन्ही फाइली काढून ठेव, आपण बसून बघू. हंड्यांसाठी नळाला पाइप जोडून घ्यायचा खर्च मी देईन, तो आधी करून टाक.

तुझी,
आत्या