स्पंदगुच्छांचे कालमापन

बंगळूर शहराच्या आग्नेयेस सर्जापूर गावाकडे जाणारा रस्ता सर्जापूर रोड म्हणून ओळखला जातो. खानदेशातील अमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तेलाच्या कारखान्याने ज्या उद्योगाचा प्रारंभ झाला, त्या विप्रो कंपनीचे मुख्य कार्यालय याच रस्त्यावर आहे. संगणकाच्या व इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या व्यवसायात वावरणाऱ्या अभियंत्यापुढे मापनाचा एक साधा वाटणारा प्रश्न वारंवार येतो. तारेवरून आलेला संकेत किती काळ चालला?

पुष्कळसे संकेत अखंड नसतात. काही स्पंद लगोलग येतात, मग स्तब्धता असते, मग पुन्हा स्पंद येतात. अशा लगोलग येणाऱ्या स्पंदांच्या समूहास स्पंदगुच्छ म्हणू. त्यांच्या मापनासाठी लॉजिक अ‍ॅनालायझर वापरतात. विद्युत्दाब ठरावीक पातळीच्या वर आहे की खाली, एवढेच हे उपकरण नियमित कालांतराने पाहते आणि १ किंवा ० अशी नोंद करते.

नोंदी लाखोंनी जमतात. त्या हाताने मोजणे अशक्यच. म्हणून अमेरिकेतील सेलिए कंपनीच्या ‘लॉजिक २’सारख्या सॉफ्टवेअरला पायथन भाषेतील छोटी आज्ञावली जोडण्याची सोय असते. तिला एक्स्टेन्शन म्हणतात. पडद्यावर संकेताचा भाग निवडला, की ती त्यातील प्रत्येक चढउताराची वेळ वाचून गुच्छांची संख्या व कालावधी काढते. परंतु गुच्छ कोठे संपला, हे तिला कोणी तरी सांगावे लागते. स्तब्धता अमुक मर्यादेहून लांबली की गुच्छ संपला, असा तो नियम होय.

ही मर्यादा किती महत्त्वाची, हे घरातील रिमोटच्या उदाहरणावरून कळेल. एनईसी नावाच्या प्रचलित संकेतपद्धतीत अवरक्त प्रकाश सेकंदास सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. आरंभी ९ मिलिसेकंदांचा गुच्छ व ४.५ मिलिसेकंदांची स्तब्धता असते. नंतर ३२ अंक येतात. प्रत्येक अंकाचा गुच्छ सुमारे ५६० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे साधारण २१ स्पंदांचा असतो. त्यामागील स्तब्धता ५६० मायक्रोसेकंदांची असली तर अंक शून्य आणि १.६९ मिलिसेकंदांची असली तर एक.

रिमोटमधील प्रकाशदिवा चालविणाऱ्या तारेला प्रोब लावला आहे असे समजा. मर्यादा १०० मायक्रोसेकंद ठेवली, तर प्रत्येक अंकाचा गुच्छ वेगळा मोजला जातो. ती १० मिलिसेकंद ठेवली, तर सुमारे ६८ मिलिसेकंदांचा संपूर्ण संदेश हाच एक गुच्छ ठरतो. दोन्ही उत्तरे आपापल्या प्रश्नापुरती बरोबर आहेत. पण मर्यादा १ मिलिसेकंद ठेवली, तर शून्याच्या स्तब्धता गिळल्या जातात आणि एकाच्या स्तब्धतांपाशी संकेत तुटतो. हाती येणारे आकडे नीटनेटके दिसतात. त्यांना अर्थ मात्र नसतो. त्यांवर विश्वासून एखादा अभियंता निर्दोष मंडलात दुरुस्ती करू लागतो.

आज्ञावली लिहिताना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गुच्छ संपल्याची खात्री १०० मायक्रोसेकंदांच्या स्तब्धतेनंतर पटते, पण त्याचा शेवट शेवटच्या स्पंदापाशीच धरावयाचा असतो. अन्यथा ५६० ऐवजी ६६० हा आकडा मिळेल. तसेच निवडलेल्या भागाच्या कडेला अर्धवट कापला गेलेला गुच्छ हिशेबातून वगळावा लागतो.

अखेरीस, मापनाची सूक्ष्मता नोंदींच्या वेगावर अवलंबून असते. सेकंदास दहा लक्ष नोंदी घेतल्या, तर दोन नोंदींत १ मायक्रोसेकंदाचे अंतर राहते. गुच्छाच्या ५६० मायक्रोसेकंदांत तेवढी चूक नगण्य होय. पण ज्या एका स्पंदाचा उजेड जेमतेम ९ मायक्रोसेकंद टिकतो, त्याच्या मापनात तीच चूक नवमांशाएवढी ठरते. सेकंदास २०,००० च नोंदी घेतल्यास दोन नोंदींच्या मध्ये कित्येक स्पंद न दिसताच निघून जातात.

म्हणून गुच्छाचा कालावधी लिहिताना त्याच्याजवळ नोंदींचा वेग आणि स्तब्धतेची मर्यादा हे दोन आकडेही लिहावेत. त्यांच्याविना तो आकडा दुसऱ्या कोणास पडताळून पाहता येत नाही. आणि जे पडताळता येत नाही, त्याला मापन म्हणता येत नाही.