प्रत्येक अंदाजाला एक काम
पांढरकवड्याच्या एका जुन्या कास्तकाराचे कानमंत्र

बाबू, यंदापासून वावर तू आणि सूनबाई पाहणार. हवामान खात्याचा अंदाज आता माझ्याआधी तुमच्या मोबाइलवर येतो. चांगली गोष्ट आहे. पण अंदाज ऐकून घरात बसलं तर त्याचा काय उपयोग? आपल्या केळापूर तालुक्यात मी हेच जास्त पाहिलं: बातमी सगळ्यांना ठाऊक असते, पण आज नेमकं काय करायचं हे कोणाचंच ठरलेलं नसतं. म्हणून मुख्य मंत्र आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक अंदाजाला एक काम बांधून ठेव. अमुक अंदाज आला की तमुक काम, ते कोण करणार, पैसा कुठून येणार, हे सगळं मे महिन्यातच ठरलं पाहिजे. आभाळ भरून आल्यावर विचार करायला सवड मिळत नाही.

पूर आणि कोरड, दोन्हींची तयारी एकाच वर्षी

२०२३ साल आठव. २२ जुलैला आपल्याच जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढलं. माणसं काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. एका महिन्यात बुडायची पाळी आणि पुढच्या महिन्यात पराटी, म्हणजे कापसाचं झाड, माना टाकते. 'यंदा पाऊस चांगला' एवढ्या एका वाक्यावर कधी विसंबू नकोस. हंगामाची बेरीज चांगली निघाली तरी मधली पावसाची खांड पीक खाऊन जाते.

कोणता अंदाज कशासाठी, हे आधी समजून घे

एप्रिलच्या मध्यात आणि मे अखेरीस हवामान खातं पूर्ण मोसमाचा अंदाज देतं. तो साऱ्या देशाचा असतो, तुझ्या वावराचा नाही. त्यावर बियाण्याची जात, तुरीची तासं, म्हणजे ओळी, किती आणि हातात राखून ठेवायचा पैसा, एवढंच ठरव. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो. पेरणी कधी आणि खांड पडणार का, यासाठी तो बघायचा. पाच-सात दिवसांच्या जिल्ह्याच्या अंदाजावर खत, फवारणी, डवरणी, वेचणी ठरते. मंगळवार आणि शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला वाचायचा. पुढच्या तीन तासांचा इशारा आला तर तो जीव आणि ढोरं सांभाळण्यासाठी. 'मेघदूत' आणि 'दामिनी' ही दोन्ही ॲप मोबाइलवर ठेव. 'दामिनी' आपल्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूतल्या विजा दाखवतं.

शब्दही नीट ऐकायचे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे शंभरातल्या फार तर पंचवीस ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नासपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तरपर्यंत, आणि त्यावर 'बहुतेक ठिकाणी'. तुरळक पावसाच्या भरवशावर खत फेकू नकोस. 'बहुतेक ठिकाणी' म्हटलं असेल तर फवारणीचा पंप खाली ठेव. 'जोरदार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, 'अति जोरदार' ११५.६ च्या वर आणि 'अत्यंत जोरदार' २०४.५ च्या वर. एका मिलिमीटर पावसानं एका एकरावर चार हजार लिटर पाणी पडतं. म्हणजे शंभर मिलिमीटरला चार लाख लिटर. एवढं पाणी जाणार कुठून, हे पाऊस यायच्या आधी तुला ठाऊक पाहिजे.

आपल्या वावराचं माप आपण ठेव

यवतमाळ जिल्हा मोठा. वणीत झड लागते आणि पाटणबोरीत ऊन असतं. म्हणून अंदाज जिल्ह्याचा आणि माप आपल्या वावराचं, असं दोन्ही पाहिजे. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घे, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा आत बसव. बूड वाकडंतिकडं असतं, म्हणून बाटलीची भिंत सरळ सुरू होते तिथवर पाणी भर आणि तिथं शून्याची रेघ मार. त्यावर शाळेची पट्टी चिकटव. झाडापासून आणि घरापासून दूर, उघड्यावर खुंटाला बांध. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, वहीत मांडायचं आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणून ठेवायचं. सूनबाईचं अक्षर चांगलं आहे, वही तिच्याकडे दे. दोन हंगामांत ती वही कोणत्याही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा खरी ठरेल.

पेरणी: दोन अटी पुऱ्या झाल्याशिवाय तिफण नको

२०२५ चा मे आठव. मान्सून २४ मे रोजी केरळात पोचला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. २६ मेला मुंबईत होता. आपल्याकडेही वळवाचं पाणी पडलं आणि पेरणीसाठी हात शिवशिवू लागले. पण मे संपता संपता मान्सूनची चाल थांबली, ती जूनच्या मध्यापर्यंत. कृषी खातं 'पेरणीची घाई करू नका' म्हणून सांगत होतं. केंद्र सरकारनं त्याच वर्षी १३ राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पावसाचा अंदाज पाठवला आणि पाऊस मध्येच थांबेल हेही त्यात आलं होतं. ज्यांनी ऐकलं त्यांचं बियाणं घरात राहिलं.

तर अटी अशा. पहिली, आपल्या बाटलीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस भरला पाहिजे आणि काळी माती वीतभर खोल ओली पाहिजे. वरची ढेकळं भिजली म्हणून फसू नकोस, कुदळ मारून बघ. दुसरी, पुढच्या आठवड्यात उघाड लांबणार नाही असा अंदाज पाहिजे. दोन्ही जुळलं तरच पेर. पराटीच्या एका पाकिटाला नऊशेच्या घरात पैसे पडतात, एकराला दोन पाकिटं लागतात. दुबार पेरणी म्हणजे हा पैसा पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि गेलेले दिवस परत येत नाहीत ते वेगळंच.

भेंडवळची घटमांडणी ऐक, पंचांगात नक्षत्राचं वाहन बघ. परंपरा आहे, मान ठेव. पेरणीचा दिवस मात्र ओल आणि अंदाज बघूनच ठरव.

सोयाबीनचं घरचं बियाणं असेल तर मे महिन्यातच शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपास. सत्तर उगवले तर एकराला तीस किलो पुरतं, कमी उगवले तर तेवढं वाढव. पाऊस लांबून जुलैचा पहिला आठवडा सरला तर मूग-उडदाचा नाद सोड आणि तुरीचा वाटा वाढव.

खांड आणि झड, दोन्हींवर एक सरी

पट्टापेर कर. सहा तासांमागे एक तास खाली ठेव आणि तिथं सरी काढ. जमत असेल तिथं सोयाबीन रुंद वरंब्यावर घे. पाऊस कमी झाला तर सरीत पाणी मुरतं, जास्त झाला तर सरीतून निघून जातं. म्हणजे अंदाज चुकला तरी हे काम वाया जात नाही. खर्च करताना आधी अशी कामं निवडायची.

गुरुवारच्या अंदाजात दोन आठवडे पाऊस कमी दिसला की भेगा पडायची वाट बघू नकोस. ओल आहे तोवर डवरा फिरव. वरची माती भुसभुशीत झाली की खालची ओल उडत नाही. पराटीत डवऱ्याला दोरी गुंडाळून फिरवला तर ओळीमधून आपसूक सरी पडते आणि झाडाला मातीची भर लागते. पुढचा पाऊस त्या सरीत थांबतो. विहिरीत किंवा शेततळ्यात थोडंच पाणी असेल तर सगळ्या वावराला पुरवायचा हट्ट नको. फूल-शेंगेवरच्या सोयाबीनला एकाआड एक सरीनं दे. पाऊस नसताना युरिया टाकून पैसा उधळू नकोस. ढोरांसाठी कुटार उन्हाळ्यातच झाकून ठेवलेलं असावं, खांड पडल्यावर त्याचा भाव चढतो.

झडीचा इशारा आला की

इशाऱ्याचा रंग पिवळा आला तर धुऱ्यावरची चर मोकळी कर, नाल्याकडे जाणारं तोंड साफ कर. नारिंगी आला तर वेचायला आलेला कापूस घरात आण, नदी-नाल्यावरची मोटर उचल, खताची पोती उंचावर ठेव, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांध. ऑक्टोबरमध्ये नारिंगी असेल तर उभं सोयाबीन कापू नकोस. कापलेलं असेल तर उंच जागी गंजी लावून ताडपत्री टाक. शेंगांना कोंब फुटले की भाव जातो. लाल रंग आला तर कामाला वावरात जायचं नाही. ढोरांची दावी सोडून त्यांना उंचावर हलवायचं आणि नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर पाऊल टाकायचं नाही. घरी जायची घाई असो की दवाखान्याची, वाट बघायची. गढूळ पाण्याखाली पूल आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही.

आपल्याकडे आभाळ कोरं असलं तरी बेसावध राहू नकोस. पैनगंगेवरच्या इसापूर धरणातून पाणी सोडलं की खालच्या काठांवर पूर चढतो. खुनी नदीवर सायखेड्याचं धरण आहे. वर पाऊस किती झाला आणि दरवाजे उघडले का, हे तहसील कचेरीतून कळतं. नदीकाठच्या माणसानं आपल्या गावाच्या पावसाइतकंच या बातमीकडे लक्ष द्यावं.

पाणी ओसरल्यावर पराटीची झाडं अचानक मलूल होऊ लागली तर चोवीस तासांच्या आत साचून राहिलेलं पाणी काढ, बुडाशी माती पायानं दाब आणि कृषी विज्ञान केंद्राला विचारून बुडाशी औषध दे. नुकसानीचे फोटो त्याच दिवशी काढ, तलाठी आणि कृषी सहायकाला कळव आणि पंचनाम्याच्या वेळी स्वतः वावरात उभा राहा.

फवारणीआधी वारा बघ

२०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. कास्तकार होते, मजूर होते. पराटी डोक्याएवढी वाढलेली आणि औषध अंगावर येत होतं. अंदाजात वाऱ्याचा वेगही असतो, तो रोज बघ. वारा जोराचा असेल, दुपारचं ऊन चढलं असेल किंवा पाऊस यायचा असेल तर पंप उचलायचा नाही. अंगभर कपडे, तोंडाला फडकं आणि हातमोजे असल्याशिवाय कोणत्याही मजुराला तासात उतरवू नकोस. औषध वाया गेलं तर पैसे जातात, माणूस गेला तर घर उघडं पडतं.

एकट्यानं भागत नाही

२०२० च्या जुलैमध्ये बांगलादेशात जमुना नदीला मोठा पूर येणार असं दिसताच संयुक्त राष्ट्रांनी पाणी चढण्याआधी गरीब घरांच्या हाती पैसे पोचवले. निकष आणि रक्कम आधीच ठरलेली होती, म्हणून ते जमलं. आपल्या गावातही हे होऊ शकतं. बचत गटानं थोडी रक्कम बाजूला ठेवावी, ती नारिंगी इशाऱ्याला ताडपत्री आणि ट्रॅक्टरभाड्यासाठी मोकळी व्हावी. नाल्यापलीकडच्या कोलामांच्या पोडांवर मोबाइलला रेंज नसते. तिथं कोण जाऊन सांगणार, त्याचं नाव ठरलेलं असावं. म्हातारी, बाळंतीण आणि अपंग माणसं कोणत्या घरात आहेत याची यादी शाळेच्या भिंतीवर लावा.

तर बाबू, मे महिन्यात एक कागद घे आणि तीन रकाने आख: अंदाज, काम, माणूस. पेरणी, खांड, झड, पूर, वेचणी, एवढ्याच ओळी लागतील. सूनबाईसोबत बसून तो भर, शेजाऱ्याला दाखव, ग्रामसभेत वाच. एखादा अंदाज चुकेल आणि एखाद्या दिवशी ताडपत्री उगाच पसरली जाईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, दुसऱ्या दिवशी घडी करून ठेव आणि पुढच्या इशाऱ्याला पुन्हा पसर. ते कष्ट थोडे, आणि सहा महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाणं फार मोठं.